धाकटीचं माहेरचं नाव

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी काकाजींवर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी विचारलं, "खरं लिहू की चांगलं?" निरोप आणणाऱ्या बाई हसल्या. "तुम्ही पण ना, ताई! गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहितात." मग दुसरं कोणी बघा, असं मी सांगितलं. दुसरं कोणी मिळालं नाही.

काकाजींचं नाव लिहीत नाही. ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना ते लागत नाही आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्याचा उपयोग नाही. शिवाय नावांच्या भानगडीतून मी एकदा गेले आहे. ती भानगडच इथे सांगायची आहे.

शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "संगणकाला मराठी शिकवणारा हा माणूस होता." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही जबलपुरात कोणी शिकवलेलं दिसत नाही. संगणक काही मराठी शिकला नाही. शिकावं लागलं ते आम्हांला, आणि त्यातही मला.

काकाजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जन्म तारांमध्ये गेला. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात आमच्या ट्रस्टचं धर्मादाय हॉस्पिटल आहे. तिथे संगणक आले, सर्व्हर आला, वॉर्डावॉर्डांतून तारा खेचल्या गेल्या, तेव्हा हे सगळं सांभाळायला ट्रस्टच्या सचिवजींनी त्यांना आणलं. पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशात टेस्टर, नाड्याला बांधून गळ्यात अडकवलेला चष्मा. मी तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर होते. येणाऱ्या पेशंटचं नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लिहायचं आणि नंबर द्यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "मराठी ना? अच्छा. माहेरचं नाव काय?"

मी म्हटलं, "काहून? सासरचं चालत नाही का?"

"तसं नाही, बेटा. माणूस कुठून कुठे आला ते कळते."

प्रत्येक बाईला ते हेच विचारत. प्रत्येक मशीनबद्दलही.

महिनाभरात त्यांनी सगळ्याची नावं बदलली. सर्व्हर ठेवला होता त्या खोलीचं नाव माजघर. तिथे चपला घालून जायचं नाही. सचिवजींनाही चपला काढायला लावल्या आणि त्यांच्या मोज्याचं भोक साऱ्या हॉस्पिटलनं पाहिलं. मशीन ठेवायची लोखंडी घोडी ती मांडणी. मुख्य सर्व्हर थोरली. ज्या डबीतून सगळीकडे तारा फुटतात तो स्विच म्हणजे चौक. बाहेरच्या नेटकडे वाट दाखवणारा राऊटर म्हणजे वाटाड्या. बाहेरचं नको ते आत येऊ न देणारा फायरवॉल म्हणजे उंबरठा. वीज गेली की धावून येणारी बॅटरी म्हणजे बेगमी. पासवर्डला परवल. मशीन बंद करून परत चालू करणं म्हणजे अंघोळ. मशीन स्वतःच स्वतःच्या चुका लिहून ठेवतं, त्या नोंदींना गाऱ्हाणी. आणि एका संगणकावरून दुसऱ्याला "आहेस का?" असं विचारतात, ज्याला सगळं जग पिंग म्हणतं, त्याला काकाजी हाक म्हणत. उत्तर आलं की म्हणत, "ओ दिली."

शब्द वाईट होते असं मी म्हणणार नाही. ते स्वतः म्हणत, "सर्व्हर म्हणजे काय हे आयाबाईला सांगायला मला आख्खी दुपार लागली. थोरली म्हटलं, तिला लगेच कळलं. हिला दुखवायचं नाही." कोणी तरी हिंदीतला सरकारी शब्द सुचवला तर म्हणाले, "हा शब्द बोलून होईपर्यंत मशीन मरेल." हेही बरोबर. पण हॉस्पिटल होतं जबलपुरात. नर्सा रीवाकडच्या, लॅबवाले इथलेच, मदतीचा फोन लागायचा भोपाळला. माजघर आणि उंबरठा कळणारी माणसं दोन. एक ते आणि एक मी.

भोपाळच्या इंजिनियरशी त्यांचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे.

"सर, सर्वर को पिंग कीजिए."

"हाक मारली. ओ नहीं दे रही."

"कौन, सर?"

"थोरली."

"सर, घर की बात बाद में कर लेंगे. पहले सर्वर देख लें?"

काकाजींनी फोन ठेवून दिला आणि मला म्हणाले, "या लोकांना आपल्या घरचं मशीन परकं वाटते."

माझ्या गळ्यात हे कसं पडलं ते सांगते. एकदा काकाजी लग्नाला नागपूरला गेले होते आणि इकडे सगळ्या खिडक्यांवरचे संगणक थिजले. बाहेर रांग. सिस्टरनं माजघराच्या दारावरची चिठ्ठी पाहिली आणि मला हाक मारली, "दीदी, कुछ मराठी में चिपका गए हैं." चिठ्ठीत लिहिलं होतं: थोरली रुसली तर आधी उंबरठ्याला विचारा, मग चौकातले दिवे बघा, मग अंघोळ. मी चपला काढल्या, आत गेले. फायरवॉल ठीक होता. स्विचवरचे दिवे लुकलुकत होते. सर्व्हरला अंघोळ घातली. रांग हलली. सगळ्यांनी मला शाबासकी दिली आणि मी मूर्खासारखी खूश झाले. कारण त्या दिवसापासून खिडकीचं काम करून वर माजघराचं काम माझ्याकडे आलं. काकाजी रजेवर असले की मी, जेवायला गेले की मी, आणि रविवारी माझ्या घरी फोन. "बेटा, चौकातला तिसरा दिवा लाल आहे म्हणतात. जरा जाऊन ये ना." नवरा फॅक्टरीतून येऊन एकटाच जेवायला बसलेला असे. म्हणे, "तुला हॉस्पिटलनं ठेवलं आहे की काकाजींनी?"

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मला हे काम येत होतं ते काकाजींच्या कृपेनं नाही. लग्नाआधी नागपूरला मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, चांगल्या मार्कांनी. तो माझ्या माहेरच्या नावावर. लग्नात सासरच्यांनी आडनावाबरोबर नावही बदललं. ताटात तांदूळ, नवऱ्याच्या हातात अंगठी, सगळ्या बायका वाकून बघताहेत. वाचून पाहते तो मी दुसरीच कोणी झालेली. नोकरी लागली ती या नव्या नावानं. काम करतेच आहे तर कॉम्प्युटर विभागात पद द्या, असा अर्ज मी दिला तेव्हा सचिवजींनी डिप्लोमा हातात घेतला, चष्म्याच्या वरून पाहिलं आणि म्हणाले, "यह तो किसी और का है."

मी कोर्टात जाऊन शपथपत्र करून आणलं, की ही ती आणि ती ही. सचिवजींनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. "देखेंगे," म्हणाले. पद रिकामं राहिलं आणि काम माझ्याकडे.

काकाजींनी एक शब्द टाकला असता तर झालं असतं. ट्रस्टमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं. मी दर थोड्या दिवसांनी विचारी.

"काकाजी, सचिवजींशी बोलले का?"

"बोलतो ना, बेटा. काहून घाई करून राहिली? काम तर तुझ्याकडेच आहे."

"कामच आहे. पद कुठे आहे?"

"पद म्हणजे काय? दारावरची पाटी."

"वायरीच्या डब्याला तुम्ही नाव देता, त्याची पाटी रंगवून लावता. मला एक नाव द्यायला तुमचं काय जाते?"

ते हसले. "तुझी जीभ म्हणजे भिवापुरी मिरची आहे." आणि चहा मागवला. उत्तर नसलं की काकाजी चहा मागवत. त्या काळात मी फार चहा प्याले.

त्यांच्याबद्दल चांगलंही सांगते, नाही तर मंडळ म्हणेल बाई डूख धरून बसली. त्यांच्या मांडणीतल्या तारा बघण्यासारख्या होत्या. प्रत्येक जुडगा पांढऱ्या नाड्यानं बांधलेला, एक तार दुसरीवर चढलेली नाही. रोज सकाळी आल्यावर थोरलीच्या पाठीवर तळहात ठेवून ते ताप बघत, आणि पंखा बिघडलेला त्यांना हातानं कळे. चपला बाहेर ठेवायच्या नियमामुळे त्या खोलीत धूळ नव्हती. साऱ्या हॉस्पिटलात तेवढी एकच खोली तशी होती. खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण दुसऱ्याचं ऐकतानाही पाहिलं नाही.

एका रविवारी स्विचचा जळका भाग दाखवायला मी कांचघर मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेले होते. ते बाहेरच्या खोलीत बसले होते. पाणी हवं म्हणून त्यांनी काकूंना हाक मारली. लग्नात त्यांनी ठेवलेलं नाव, मोठं, चार अक्षरी, पुराणातलं. उत्तर नाही. परत मारली. नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा काकू आल्या.

"बघ," मला म्हणाले, "पहिल्या हाकेला ओ नाही. इतकी वर्षं झाली. लाइनच खराब आहे."

तेवढ्यात मागच्या अंगणातून काकूंच्या भावानं हाक मारली. ते नागपूरहून आले होते. हाक छोटीशी, दोन अक्षरी. काकू वाटेतूनच "ओ!" म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास तसाच हातात घेऊन मागे गेल्या. काकाजी तहानलेले राहिले. मी मनातल्या मनात हसले.

मग स्वयंपाकघरात काकूंनी मला सांगितलं. "मी बहिरी नाही हो. पण ते नाव त्यांनी ठेवलं, मले कोणी विचारलं? ऐकू येते, पण वाटते, शेजारच्या कोणाले बोलावून राहिले. मग आठवते, अरे, आपल्यालेच." त्या भाकरी थापत होत्या. "तुमचंही बदललं का?"

"बदललं."

"मग तुमाले काय सांगावं."

पुढच्या वर्षी ट्रस्टनं दुसरा सर्व्हर घेतला. थोरलीत दिवसभरात जे जमा होईल, नोंदणी, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रेच्या नोंदी, त्याची नक्कल रोज आपोआप या दुसऱ्यात जायची. थोरलीला काही झालं तरी पेशंटचे रिपोर्ट सुरक्षित. नक्कल पाठवायची ही सोय काकाजींनी स्वतः बसवली, कंपनीकडून मशीनला जे नाव आलं होतं त्या नावानं. काही आठवडे चालवून पाहिली. चोख चालली. त्यांच्या भाषेत सांगायचं तर थोरलीकडून रोज डबा जात होता आणि पोचत होता.

मग पाडवा आला. काकाजींनी ठरवलं, नव्या मशीनचा गृहप्रवेश करायचा. मशीनसमोर पाट. हळदकुंकू. ताटात तांदूळ. त्यांनी बोटातली अंगठी काढली आणि तांदळात लिहिलं: धाकटी. नर्सा कौतुकानं बघत होत्या. एकीनं विचारलं, "काकाजी, यह क्या कर रहे हैं?" ते म्हणाले, "बहू आई है. हमारे में नाम बदलते हैं."

मी म्हणाले, "काकाजी, तांदळात लिहा, पाटी लावा, काय करायचं ते करा. मशीनमधलं नाव बदलू नका."

"काहून?"

"जुन्या नावावर डबा जातो आहे. नाव बदललं की जुन्या नावावर येणारं सगळं अडते. मला विचारा. माझा डिप्लोमा ड्रॉवरमध्ये पडून आहे."

"चलो, तू प्रत्येक गोष्टीत तुझं आण." अंगठी परत बोटात घालत म्हणाले, "मुलगी सासरी आली की माहेरच्या नावानं राहते का? एकदा नाव लागलं की सगळे त्याच नावानं ओळखतात."

बसून त्यांनी मशीनचं नाव बदललं. पेढे वाटले. मी पेढा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरलीची गाऱ्हाणी वाचली. ते काम त्यांनी माझ्याकडेच दिलं होतं. लिहिलेलं होतं की अमुक नावाचं मशीन सापडत नाही, नक्कल गेली नाही. मी काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "नवी सून आहे. रुळेल." तिसऱ्या दिवशीही तेच गाऱ्हाणं. मी सांगितलं. "बेटा, मी हाक मारून पाहिली. धाकटी लगेच ओ देते."

"धाकटी म्हणून मारली ना? थोरली तिला धाकटी म्हणतच नाही. ती अजून जुन्या नावानंच शोधून राहिली आहे."

"बघतो."

त्यांनी बघितलं नाही. मी करून टाकलं असतं, दोन ओळींचं काम होतं. पण मुख्य परवल फक्त त्यांच्याकडे होती आणि ती ते कोणाला सांगत नसत. मागितली तर म्हणत, "ती घरची गोष्ट आहे." मी सचिवजींनाही सांगितलं. ते म्हणाले, "काकाजी देख रहे हैं ना?"

मेमध्ये एका रविवारी माजघराचा एसी बंद पडला आणि कोणाला कळलं नाही. सोमवारी थोरलीनं ओ दिली नाही. अंघोळीनंही नाही. भोपाळहून माणूस आला, त्यानं सांगितलं, डिस्क गेल्या. धाकटी उघडली. पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं सगळं होतं. त्याच्यापुढे काहीच नाही.

सराफ्यातल्या एका कारागिराच्या बायकोची गाठ तपासून झाली होती. तिला घेऊन तो दुसऱ्या दिवशी नागपूरला ऑपरेशनसाठी निघणार होता. रिपोर्टची प्रत हवी म्हणून माझ्या खिडकीशी आला.

"दीदी, जाँच तो यहीं हुई थी न?"

"हाँ, भैया. यहीं हुई थी."

"तो रिपोर्ट कहाँ गई?"

काय सांगणार? माहेरी गेली? लॅबच्या डॉक्टरांनी काचपट्टी शोधून पुन्हा तपासली, पुन्हा लिहून दिलं, पण त्यांची तारीख हुकली ती हुकलीच. ती बाई बाकावर पदराखाली हात धरून बसली होती. तिच्याकडे बघताना मला काकाजींचा जसा राग आला तसा आयुष्यात कोणाचा आला नाही. तो अजून गेलेला नाही, आणि ते गेले म्हणून तो जावा असं मला वाटत नाही.

ट्रस्टनं चौकशी बसवली. सचिवजी आणि दोन विश्वस्त. काकाजी समोर बसले, मला बाजूला उभं केलं. मला बसायला खुर्ची कोणी दिली नाही, तेव्हाच मला कळलं वारं कुठे वाहतं आहे.

काकाजींना विचारलं, काय झालं. ते ताठ बसून, एक शब्द न चोरता बोलले. "गलती मेरी है. धाकटी का नाम मैंने बदला. थोरली को नहीं बताया. डब्बे मायके के पते पर जाते रहे. उधर कोई था नहीं. थोरली रोज गाऱ्हाणं करती रही, मैंने कहा, रुळेल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक विश्वस्त हळूच म्हणाले, "काकाजी, घर में सब ठीक तो है? बहुओं का कुछ..."

"बहुएँ कहाँ से आईं? मेरी तो बेटियाँ हैं. मैं मशीन की बात कर रहा हूँ."

दुसऱ्यांनी सुस्कारा सोडला. "उमर हो गई है." सचिवजी मान हलवून माझ्याकडे वळले. "रोज का बैकअप तो आप ही देखती थीं न?"

माणसानं सरळ गुन्हा कबूल केला होता आणि तिथल्या एकालाही तो कळला नव्हता. तो आता माझ्या डोक्यावर येत होता. नोकरीच जायची पाळी होती. पद राहिलं बाजूला. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी नेहमीसारखं, आणि म्हणाले, "बेटा, इनको जरा समझा दे."

शपथेवर सांगते, याच स्वरात ते मला चौकातला लाल दिवा बघून यायला सांगत.

मी समजावलं. मराठीचा एक शब्द न वापरता. "बैकअप सर्वर का नाम इन्होंने बदला. बैकअप जिस नाम पर जाता था, वह पुराना ही रहने दिया. इसलिए उस दिन से एक भी बैकअप नहीं हुआ. मैंने लॉग देखकर इनको बार-बार बताया, आपको भी बताया. पासवर्ड मेरे पास नहीं है, इनके पास है." सचिवजींचा चेहरा "आपको भी" ला उतरला.

काकाजी मात्र समाधानानं मान डोलावत होते. "बराबर," म्हणाले. "ऐसा ही हुआ. अच्छा समझाया." जसा काही माझा पाठ झाला होता.

काकाजींना शाल देऊन घरी पाठवलं. मंडळात मग सुरू झालं. "मराठी माणसानं मराठी माणसाचा पाय ओढला." "हाताखाली शिकली आणि म्हाताऱ्याची भाकरी खाल्ली." एका हळदीकुंकवात तर बायका माझ्यासमोर बोलल्या. मी वाण परत केलं आणि विचारलं, "ती कारागिराची बायको तुमची कोणी असती तर?" तेव्हापासून मला बोलावणी कमी येतात. बरंच झालं. तेवढा वेळ वाचतो.

सचिवजींनी मात्र कमाल केली. मला बोलावून म्हणाले, "बाहर से एक इंजीनियर रख रहे हैं. आप तो सब जानती हैं. उसे समझा दीजिएगा."

"कशाला?" मी एकदम मराठीतच बोलले. मग हिंदीत सांगितलं, की मी नोंदणीच्या खिडकीवरची बाई आहे. मला उंबरठा कळत नाही, चौक कळत नाही. पाट्या मराठीत आहेत, इंजिनियरनं शिकून घ्यावं. परवल काकाजींकडे आहे, त्यांनी द्यावी. मी खिडकी सोडणार नाही.

इंजिनियर आले. चपला न काढता माजघरात गेले आणि सगळ्या पाट्या बघून बाहेर आले. मग कांचघरला गेले. काकाजींनी चहा पाजला, त्यांचं मूळ गाव विचारलं, आणि परवल सांगितली नाही. म्हणाले, "घर की बात है." इंजिनियर परत गेले ते गेलेच. त्यानंतर सचिवजींचा ड्रॉवर उघडला. माझं शपथपत्र त्यांना एकाएकी वाचता आलं. आदेश टाइप झाला, सिस्टीम इन्चार्ज, माझ्या नावानं. सध्याचं नाव आणि त्याच्याखाली डिप्लोम्यावरचं. दोन्ही लिहा, असं मीच सांगितलं. एकही सोडणार नव्हते.

आदेश पर्समध्ये घालून मी कांचघरला गेले. काकाजी बाहेरच्या खोलीत, तोच बुशशर्ट, खिशात टेस्टर. आता टेस्टर कशाला, कोण जाणे. आदेश त्यांनी चष्मा लावून वाचला, दोन्ही नावांवर बोट फिरवलं.

"झालं ना? मी म्हणत होतो, काहून घाई करते."

"तुम्ही म्हणत होते. मी करून घेतलं. परवल सांगा."

"लिहून घेशील?"

"लक्षात राहते मला."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी परवल सांगितली, मोठ्यानं, टेलिफोनवर बोलायची सवय होती तशी. दोनच अक्षरं.

"ओ!" आतून लगेच उत्तर आलं. काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. "काहून हो? हाक मारली?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग टेस्टरशी चाळा केला.

"तुला नाही," ते म्हणाले. "मशीनची परवल सांगून राहिलो होतो."

"अच्छा," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

म्हणजे माहीत होतं. लाइन खराब नाही, कान खराब नाहीत, हे सगळं या माणसाला माहीत होतं. कोणत्या नावाला पहिल्या हाकेत ओ येते ते इतकं पक्कं माहीत होतं की विसरू नये म्हणून रोज सकाळी ते नाव लोखंडाच्या पेटीत टाइप करत होता. आणि घरी येऊन तिसऱ्या हाकेला ओरडत होता. मी चहा न घेता उठले. हॉस्पिटलात जाऊन चपला काढल्या, नव्या डिस्क घातलेल्या थोरलीत परवल टाइप केली, धाकटीला जाणारा डबा नीट लावला, नक्कल गेलेली डोळ्यांनी पाहिली. मग परवल बदलली. बाईचं नाव कुलपाला घालायचं नसतं.

पाट्याही काढणार होते. राहून गेलं. आता रीवाकडच्या नर्सा मला फोन करतात, "दीदी, थोरली ओ नहीं दे रही," आणि मी काही न बोलता निघते.

शोकसभेत दिवा लावायला काकूंना बोलावलं, तेच चार अक्षरी नाव घेऊन, माइकवरून, दोनदा. त्या पहिल्या रांगेत बसून होत्या, हलल्या नाहीत. लोकांना वाटलं, दुःख झालं आहे. मी मागून त्यांच्या दोन अक्षरांना ताई लावलं आणि हाक मारली. त्या उठून गेल्या, दिवा लावला. काकू म्हणणं मी केव्हाच सोडलं आहे. एकदाच हाक मारावी लागते.